पाणी ओसरू लागलं की

ऑक्टोबर लागला की आमच्या रॉकी रिव्हरच्या काठी भेटणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "पाणी कसं आहे?" माशांची चौकशी नंतर. हा क्रम अगदी बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे.

मी मूळची चिपळूणकडची. पहिल्या पावसात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की चढणीचे मासे धरायला अख्खी वाडी बाहेर पडायची. त्यामुळे अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँडला, या रॉकी रिव्हरजवळ राहायला आल्यावर स्टीलहेड माशाचं गणित मला लवकर उमगलं. इथेही मासा पावसाच्या पाण्यावरच चढतो, फक्त मोसम पानगळीचा.

स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, जात एकच. जन्मभर नदीत राहिला तर रेनबो. समुद्रात किंवा मोठ्या सरोवरात पोसून नदीत परतला तर स्टीलहेड. हा मासा मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा. मिशिगनच्या नद्यांत तो 1870च्या दशकात आणून सोडला गेला. ओहायोच्या नद्या उन्हाळ्यात फार तापतात, पिल्लं सहसा तगत नाहीत. म्हणून कॅस्टालिया गावच्या सरकारी केंद्रात, झऱ्याच्या गार पाण्यावर ती वाढवतात आणि वीतभर झाली की वसंतात नद्यांत सोडतात. तिथून ती लेक ईरी सरोवरात उतरतात. दोन-तीन उन्हाळे तिथे खाऊन साठ सेंटिमीटरच्या पुढे वाढलेला मासा शरद ऋतूत नदीच्या मुखाशी येऊन थांबतो. अंडी घालायची ती थेट पुढच्या वसंतात.

मुखाशी तो थांबतो, कारण सप्टेंबरात नदीला फारसं पाणीच नसतं. रॉकी रिव्हरचा तळ शेल दगडाचा, पातळ थरांचा. त्यात पाणी फारसं मुरत नाही. जोराचा पाऊस झाला की एका रात्रीत नदी गढूळ होऊन फुगते आणि मासे आत शिरतात. त्या दिवशी गळ टाकण्यात अर्थ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी ओसरतं, गढूळपणा जाऊन हिरवट झाक येते. तोच दिवस साधायचा. रॉकीच्या बेरियाजवळच्या सरकारी मापकावर सेकंदाला 200 ते 400 घनफूट प्रवाह दिसला की गरवणारी मंडळी निघतात. पूर्वेकडच्या ग्रँड नदीत चिकणमाती जास्त. ती निवळायला आठवडाही लागतो. म्हणजे रॉकी आटत आली की ग्रँडवर जायचं. एकाच पावसावर दोन नद्या साधतात.

मापकापेक्षा माझा भरवसा बुटांवर. गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटाचं टोक अंधूक दिसलं की पाणी उत्तम. बुटाची नाडी न् नाडी दिसत असेल तर मासाही आपल्याला बघतोय. मग दोरी बारीक घ्यायची, आमिष लहान घ्यायचं आणि पहाटेच जायचं. फेसाळत्या पाण्यात शोधत बसू नये. खळाळ संपून डोह सुरू होतो, पाण्याचा रंग एकदम गडद होतो, तिथे मासा तळाशी दबून असतो. आमिष तळापासून टीचभर उंचीवरून, प्रवाहाच्याच वेगाने वाहत त्याच्या तोंडाशी जायला हवं. वारं सुटलेल्या दिवशी मात्र दर फेकीला गळावर पानंच येतात.

थर्मामीटर मी नेहमी बरोबर ठेवते. पाणी 5 ते 13 अंश सेल्सियस असलं की मासा आमिषामागे धावतो. त्याहून गार झालं की जागचा फारसा हलत नाही. 20 अंशांजवळ पाणी गेलं तर गरवूच नये: ऊन पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंजून दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. गळ पाण्यातच काढा. पोटाखाली हात देऊन तोंड प्रवाहाकडे धरा, शेपटीत जोर आला की तो आपणहून निसटतो. आणि पाणी चढताना दिसलं तर लगेच काठावर या. ओल्या पानांखालचा शेल फार निसरडा असतो.

शरदात तुमचं क्लीव्हलँडला येणं झालं, तर पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी नदीकाठी जरूर जा. गरवायचं असेल तर सोळा वर्षं किंवा त्यावरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, आणि 1 सप्टेंबर ते 15 मे या काळात दिवसाला दोनच मासे ठेवता येतात.