मोटारीसाठी पेट्रोलची निवड : गुणवत्तेचे निकष आणि ग्राहकाच्या हाती असलेल्या कसोट्या

प्रास्ताविक

बाजारातील बहुतेक वस्तू ग्राहक पाहून, हाताळून किंवा चव घेऊन विकत घेतो. पेट्रोलच्या बाबतीत यांपैकी काहीही शक्य नसते. भूमिगत टाकीतील द्रव नळीवाटे थेट मोटारीच्या टाकीत जातो आणि ग्राहकाचे लक्ष यंत्रावरील आकड्यांकडे असते. त्यामुळे ‘चांगले पेट्रोल’ म्हणजे महाग पेट्रोल, अथवा ओळखीच्या पंपावरचे पेट्रोल, अशी एक ढोबळ समजूत रूढ झाली आहे. वास्तविक या गुणवत्तेत तीन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. इंजिनाला किती ऑक्टेनचे इंधन हवे, इंधनातील इथेनॉल त्या गाडीला मानवते काय आणि टाकीत पडणारे पेट्रोल शुद्ध आहे काय, हे ते तीन प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर ग्राहकाला सहज मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळाले तरी त्याचा उपयोग करण्यास वाव थोडा असतो. तिसऱ्याचे उत्तर तो एकटा पूर्णपणे मिळवू शकत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार भारतीय परिस्थितीच्या संदर्भात केला आहे.

ऑक्टेन क्रमांकाचा अर्थ

पेट्रोल इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी ठिणगी पाडून पेटवले जाते. दाबामुळे तापलेल्या मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटला, तर इंजिनातून टकटक असा धातूचा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. दीर्घकाळ होणाऱ्या नॉकिंगने पिस्टनला इजा होते. या अकाली पेटण्यास विरोध करण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन क्रमांक. आयसो-ऑक्टेन या संयुगास १०० आणि नॉर्मल हेप्टेन या संयुगास शून्य मानून ही मोजपट्टी ठरविलेली आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंगच्या बाबतीत ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते. मापन एका सिलिंडरच्या खास प्रमाणित इंजिनावर होते. त्या इंजिनाचे दाबाचे प्रमाण हवे तसे बदलता येते.

या व्याख्येतून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्टेन क्रमांक हे शक्तीचे माप नव्हे. ९१ व ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमधील उष्मांकात नाव घेण्याजोगा फरक नसतो. ज्या इंजिनात दाबाचे प्रमाण जास्त आहे किंवा टर्बोचार्जर बसविलेला आहे, त्यालाच उच्च ऑक्टेनचा लाभ होतो. २०२० मध्ये भारत स्टेज सहा मानके देशभर लागू झाली, तेव्हा साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ व प्रीमियमसाठी किमान ९५ ऑक्टेन अपेक्षित होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने मुंबई व पुण्यासह काही शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले. साध्या पेट्रोलसाठी आखलेल्या लहान मोटारीत असे इंधन भरल्यास इंजिनाची हानी होत नाही. हानी होते ती खिशाची. प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायने असतात व त्यांचा काही उपयोग होतो हे खरे, पण तो ऑक्टेनचा गुण नव्हे. उलट, उच्च ऑक्टेन मागणाऱ्या गाडीत कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यास आधुनिक इंजिनातील संवेदक ठिणगीची वेळ मागे सरकवून इंजिन वाचवतो, मात्र शक्ती व मायलेज दोन्ही घटतात. म्हणून पंपावरील फलकापेक्षा गाडीच्या पुस्तिकेतील नोंद प्रमाण मानावी.

अमेरिकेत राहणाऱ्या आप्तांकडून तेथील पंपावर ८७ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते असे ऐकून ते हलके असल्याचा ग्रह होतो. तेथे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या ऑक्टेन क्रमांकांची सरासरी लिहिली जाते. तेथील ८७ म्हणजे आपल्याकडील सुमारे ९१ होय.

ऑक्टेन वाढविण्याच्या खटाटोपाला एक काळा इतिहास आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा नॉकिंगवरील गुण आढळला आणि पुढे जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळले जाऊ लागले. त्याचे परिणाम मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचले. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल संपूर्णपणे बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया, तेथे ते २०२१ मध्ये थांबले. गंधकाचे प्रमाणही टप्प्याटप्प्याने घटून भारत स्टेज सहा मानकात दशलक्ष भागांत १० भागांवर आले. गंधकामुळे धुराड्यातील उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. या बाबतीत ग्राहकाला काही निवडावे लागत नाही, ती निवड कायद्याने केलेली आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

२०२२ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर पोहोचले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली आणि २०२५ पर्यंत तेच सर्वसाधारण पेट्रोल बनले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या अर्थकारणाशी या धोरणाचा निकटचा संबंध आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक सुमारे १०८ असल्याने मिश्रणाची नॉकिंगविरोधी क्षमता वाढते. परंतु एक लिटर पेट्रोलपासून सुमारे ३२ मेगाज्यूल, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकीचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता. योग्य जुळणी केलेल्या नव्या गाडीत ही घट १ ते २ टक्के धरलेली होती. मायलेज कमी झाले की लगेच भेसळीचा संशय घेतला जातो. त्याआधी हा हिशेब तपासून पाहणे उचित ठरेल.

दुसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन घसरते. कोकणातील पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतील दमट हवेतूनच पाणी येते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील हाही चिंतेचा विषय आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग २० टक्के मिश्रण सोसणारे असावेत, असे नियोजन होते; त्यापूर्वीच्या गाडीच्या मालकाने निर्मात्याची सूचना पाहावी. मात्र ती पाहूनही साध्या पंपावर त्याला पर्याय नसतो. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

भेसळ आणि तिच्या कसोट्या

पेट्रोलमध्ये स्वस्त हायड्रोकार्बन मिसळणे हा भेसळीचा मुख्य प्रकार. रेशनवरील अनुदानित केरोसीन हे त्याचे अनेक वर्षे प्रमुख साधन होते. त्याला निळा रंग देण्यात आला, पण रंग काढून टाकण्याच्या युक्त्याही निघाल्या. नाफ्था व औद्योगिक द्रावके हे दुसरे साधन. त्यांच्या गैरवापरास आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २००० मध्ये स्वतंत्र आदेश काढला. केरोसीन पेट्रोलपेक्षा जड असते व सावकाश उडते. ते पूर्ण जळत नाही, कार्बन साचवते आणि सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन इंजिन-तेलात उतरते. नाफ्था सहज जळतो, परंतु त्याचे ऑक्टेन कमी असल्याने नॉकिंग वाढते.

ग्राहकास पंपावर मागणी करून करता येणारी पहिली चाचणी फिल्टर कागदाची आहे. नळीचे तोंड पुसून त्यावरून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाकावा. सुमारे दोन मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. डाग राहिल्यास केरोसीन अथवा तेलासारखा जड पदार्थ असण्याची शंका येते. दुसरी चाचणी घनतेची. ५०० मिलिलिटरच्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर व तापमापक यांचे वाचन केले जाते. ते कोष्टकाच्या साहाय्याने १५ अंश सेल्सिअसवर आणून पंपावरील नोंदीशी ताडून पाहतात. घनमीटरला ३ किलोग्रॅमपेक्षा अधिक फरक आढळल्यास पेट्रोल संशयास्पद ठरते. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. १५ अंशांवर ७४५ असलेली घनता ३० अंशांवर सुमारे ७३२ दिसते. म्हणून कोष्टक न वापरता केलेली तुलना निरर्थक आहे. तसेच ७२० ते ७७५ या विहित मर्यादेत जास्त घनता म्हणजे उत्तम पेट्रोल, असेही नाही. घनतेचा उपयोग डेपोतून निघालेले पेट्रोल व नळीतून पडणारे पेट्रोल एकच आहे काय, एवढे पाहण्यापुरता आहे.

या दोन्ही कसोट्यांची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. नाफ्था कागदावरून डाग न ठेवता उडून जातो. घनतेच्या चाचणीलाही बगल देता येते. समजा, ७५० घनतेच्या पेट्रोलमध्ये ८०० घनतेचे केरोसीन व ७०० घनतेचा नाफ्था सारख्या प्रमाणात मिसळले, तर घनता ७५० च राहील. भेसळ करणाऱ्यास हे गणित चांगले अवगत असते. अशी भेसळ प्रयोगशाळेतच उघडी पडते. पेट्रोलचा अंतिम उत्कलनबिंदू २१० अंशांपलीकडे जाता कामा नये, तर केरोसीनचा बराचसा भाग त्यापुढेच उकळतो. त्यामुळे ऊर्ध्वपातनात केरोसीन लपत नाही आणि ऑक्टेनच्या मापनात नाफ्था लपत नाही.

मापातील खोट हा निराळा प्रश्न आहे. वैधमापन विभागाच्या शिक्क्याचे पाच लिटरचे माप पंपावर असते आणि ते मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. पहाटे पेट्रोल भरल्यास जास्त मिळते, ही समजूत मात्र फारशी खरी नाही, कारण भूमिगत टाकीचे तापमान दिवसभरात अल्पच बदलते.

थोडक्यात, शुद्धतेची खरी तपासणी ग्राहकाच्या नव्हे, तर तपासणी अधिकाऱ्याच्या हाती आहे. त्याची किंमत या देशात काहींनी प्राण देऊन मोजली. लखनौच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून पदवी घेतलेले इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी भेसळीविरुद्ध कारवाई केली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडनजीक पानेवाडी येथे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाच्या काळ्या धंद्यातील लोकांनी जिवंत जाळले. पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत व तेथून टँकर निघतात. डेपो आणि पंप यांच्यामधला रस्ता हाच भेसळीचा सर्वांत नाजूक टप्पा असतो, हे त्या घटनेने महाराष्ट्राला दाखवून दिले. पुढील वर्षांत टँकरना विशिष्ट कुलपे व उपग्रहाधारित मागोवा यंत्रणा बसविण्यात आली, केरोसीनवरील अनुदानही संपुष्टात आले. त्यामुळे त्या भेसळीतला नफा घटला. द्रावकांचा मार्ग मात्र पूर्णपणे बंद झालेला नाही.

या पार्श्वभूमीवर ग्राहकाची तक्रार क्षुल्लक ठरत नाही. पंपावर तक्रार पुस्तिका ठेवणे बंधनकारक आहे. तक्रारीत दिनांक, वेळ, यंत्राचा क्रमांक व पावतीचा क्रमांक लिहावा, म्हणून प्रत्येक वेळी पावती घ्यावी. २००५ च्या केंद्रीय आदेशानुसार अधिकृत अधिकारी मोहोरबंद नमुने घेतो. त्यांतील काही विक्रेत्याकडे राहतात व काही प्रयोगशाळेकडे जातात. ग्राहकाने स्वतः प्लास्टिकच्या बाटलीत भरून नेलेले पेट्रोल पुरावा म्हणून टिकत नाही आणि ते नेणे धोक्याचेही असते. गाडी बंद पडल्यावर गॅरेजमध्ये काढलेले पेट्रोलही याच कारणाने निरुपयोगी ठरते, कारण ते आधीच्या पंपावरील पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. शंका आल्यास त्याच दिवशी, त्याच पंपावर कागदाची व घनतेची चाचणी मागावी आणि ती नाकारली गेल्यास तो नकारच तक्रारीत नोंदवावा.