बॅटरी गेली, फाइल उघडेना? कार्ड फॉरमॅट करू नका!

गेल्या वर्षी पुतणीच्या अरंगेत्रमचं शूटिंग मीच करत होतो. तिल्लाना ऐन रंगात आला आणि कॅमेऱ्याचा लाल ठिपका विझला. घरी कार्ड लावलं, तर फाइल ११ जीबीची, पण उघडेना. काळजात धस्स झालं.

कारण असं, की एमपी४ फाइलमध्ये चित्र आणि आवाज सतत लिहिला जातो. पण कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका (तिला ‘मूव्ह ॲटम’ म्हणतात) बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. मध्येच वीज गेली की पुस्तक शाबूत, अनुक्रमणिका गायब!

म्हणून आधी ते कार्ड बाजूला काढा. त्यावर पुढचं काहीही शूट करू नका, नाहीतर जुन्या डेटावर नवा बसेल. मग तेच कार्ड आणि भरलेली बॅटरी घालून कॅमेरा नुसता सुरू करून पाहा. काही मॉडेल स्वतःच दुरुस्ती करू का, असं विचारतात. नाही विचारलं, तर ‘अनट्रंक’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगला काढलेली एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते. माझी फाइल त्यानेच उघडली. ठिपका विझण्याआधीचे घुंगरूसुद्धा स्पष्ट ऐकू येतात.

संगणकावर ओबीएस या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड करणाऱ्यांनी एमकेव्ही फॉरमॅट ठेवावा. त्यात लाइट गेली तरी तोवरचं सहसा वाचतं. दोन कार्डांचा कॅमेरा असेल, तर दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा. लग्नाला मी आता तसंच करतो.