पाळीतलं दुखणं: सोसायचं नाही, पिशवी काढायचीही घाई नाही

भिवंडीत कांड्या भरणाऱ्या किंवा गोदामात पॅकिंग करणाऱ्या बाईचा हिशेब रोजावर चालतो. पोट धरून घरी बसली की खाडा, आणि खाड्याचे पैसे नाहीत. मग पाळीच्या दिवसांत मेडिकलमधून गोळी आणायची आणि कामाला उभं राहायचं. अशी दहा वर्षं काढल्यावर कुणी म्हणालं, 'पिशवी काढून टाक, कटकट मिटेल,' तर तेही पटतं. सोसणं आणि पिशवी काढणं या दोन टोकांच्या मध्ये बरेच उपचार आहेत. काही जुने समज आड येतात, म्हणून ते बाईपर्यंत पोचत नाहीत.

गैरसमज: पाळीत दुखतंच. आईलाही असंच दुखायचं.

वस्तुस्थिती: पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात कळ येते, शेक दिला किंवा गोळी घेतली की उतरते, हे नेहमीचं. पण दुखणं पाळीच्या आधीच सुरू होत असेल, वर्षागणिक वाढत असेल, गोळीला दाद देत नसेल, शाळा किंवा काम बुडवत असेल, तर ते नेहमीचं नाही. पाळीत शौचाला किंवा लघवीला कळ येणं आणि संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, याही खुणाच. अशा वेळी एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायला हवी. या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, पोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर वाढतं. पाळीच्या चक्राबरोबर तेही सुजतं, त्यातूनही रक्त येतं. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग आत दाह होतो, आणि अवयव एकमेकांना चिकटू लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या दर दहा जणींमागे एकीला, जगभरात सुमारे १९ कोटी मुली-बायकांना हा आजार आहे, आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात. राहिला आईचा मुद्दा. हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो. म्हणून 'आईलाही दुखायचं' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

गैरसमज: अंडाशयात गाठ निघाली म्हणजे कॅन्सर, नाहीतर ऑपरेशन.

वस्तुस्थिती: दर महिन्याला अंडाशयात बीजाभोवती पाण्याची एक पिशवी तयार होते. फुटण्याआधी ती साधारण दोन सेंटिमीटरची होते. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही, वाढत राहते. तीच साधी सिस्ट. अशा बहुतेक सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरतात. डॉक्टर 'तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी करू' म्हणतात, ते टाळाटाळ म्हणून नव्हे.

एंडोमेट्रिओसिसची गाठ वेगळी. तिच्यात जुनं, काळपट, दाट रक्त साचलेलं असतं. जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरने १९२१ मध्ये तिचं वर्णन 'चॉकलेट सिस्ट' म्हणून केलं, आणि डॉक्टर आजही तेच नाव वापरतात. ती सहसा आपोआप जात नाही, पण ती कॅन्सरही नव्हे. रक्तातली 'सीए-१२५' ही तपासणी वाढलेली दिसली की घरात रडारड होते. प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटातल्या क्षयरोगात, अगदी पाळीच्या दिवसांतही हा आकडा वाढू शकतो. गर्भाशयाच्या नळ्यांचा क्षय कधी कधी अशाच गाठींच्या रूपात दिसतो. म्हणून घरात कुणाला टीबी झाला असेल, तर तेही सांगावं. मात्र पाळी कायमची थांबल्यावर गाठ निघाली, तर वाट न पाहता तपासून घ्यावी.

गैरसमज: पीसीओडी, सिस्ट, एंडोमेट्रिओसिस, सगळं एकच.

वस्तुस्थिती: पीसीओडीच्या सोनोग्राफीत जे मण्यांसारखे ठिपके दिसतात, ती पूर्ण न वाढलेली बीजं असतात. त्यात मुख्य तक्रार पाळी लांबण्याची, हनुवटीवरच्या केसांची, मुरुमांची. तीव्र वेदना हे त्याचं लक्षण नाही. 'पीसीओडी आहे' एवढ्यावर दुखण्याचं कारण सापडलं असं मानू नये.

गैरसमज: सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे ती नाटक करते.

वस्तुस्थिती: चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत दिसते, पातळ थरासारखा पसरलेला आजार बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असला तरी दुखणं खरं असू शकतं. दुर्बिणीतून पोट तपासल्याशिवाय उपचार सुरूच करता येत नाहीत, असंही आता राहिलेलं नाही. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरूनही होते. आतल्या तपासणीच्या धास्तीने तिला घरी ठेवू नये.

गैरसमज: लग्न झालं, मूल झालं की बरं वाटेल.

वस्तुस्थिती: गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी थांबते, म्हणून काहींचं दुखणंही थांबतं. पाळी परत आली की तेही परत येऊ शकतं. लग्न हा उपचार नाही. उलट टोकाचा समजही चूक आहे: हा आजार असलेल्या अनेकींना मूल होतं, काहींना त्यासाठी मदत लागते. मात्र अंडाशयावरच्या शस्त्रक्रियेने बीजांचा साठा घटू शकतो. मूल हवं असेल, तर हे ऑपरेशनच्या आधी विचारायला हवं.

गैरसमज: हार्मोनच्या गोळ्यांनी कायमचं वंध्यत्व येतं.

वस्तुस्थिती: गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, हार्मोन सोडणारी तांबी यांनी पाळी हलकी होते किंवा थांबते आणि आजार दबतो. त्या बंद केल्यावर गर्भ राहण्याची क्षमता परत येते. आजार मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. अर्धशिशी, रक्तदाब, पायात रक्ताची गुठळी असा त्रास असेल, तर कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांनीच ठरवावं. दुखण्याची साधी गोळी जेवणानंतर आणि कळ वाढण्याआधी घ्यावी. मेफेनामिक ॲसिडबाबत २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने सावधगिरीची सूचना दिली होती: अंगावर पुरळ आणि ताप आला, तर गोळी थांबवून डॉक्टर गाठावा.

गैरसमज: पिशवी काढली की सुटका.

वस्तुस्थिती: आजार गर्भाशयाबाहेर असतो, तो पोटात तसाच राहिला, तर पिशवी गेल्यावरही दुखू शकतं. अंडाशयंही काढली, तर पाळी अवेळी कायमची जाते. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली; त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागच्या कारणांत खाड्याच्या दंडाची धास्तीही होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. काहींना हे ऑपरेशन खरोखर लागतं. पण ते बाकीचे उपचार करून पाहिल्यावर आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्यावर ठरावं.

थांबायचं नाही, असं कधी?

एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या, चक्कर, ताप, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात कळ. गाठीला पीळ पडलेला असू शकतो, ती फुटलेली असू शकते किंवा गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

एरवी तीन महिने कॅलेंडरवर खूण करावी: पाळी कधी आली, कुठे दुखलं, किती गोळ्या लागल्या, किती खाडे झाले. गरम पाण्याची पिशवी, हलका व्यायाम आणि पुरेशी झोप यांनी आराम पडतो, पण त्या भरवशावर तपासणी लांबवू नये. ते कॅलेंडर आणि जुने रिपोर्ट घेऊन भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगाचा केसपेपर काढावा. पुढची गरज पडली तर ठाण्याचं किंवा मुंबईतलं मोठं सरकारी रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तपासणीसाठी एक खाडा पडेल; तो पडू द्या.