शेजारून मागून आणलेला बल्ब

गेल्या पावसाळ्यात कुडपणच्या घरी माजघरातला दिवा गेला. आई नेहमीच्या सवयीने शेजारच्या काकूंकडे गेली आणि बल्ब मागून आणला. तो बसेना. काकूंचा बल्ब पिनांचा, आमचा होल्डर आट्यांचा. ती रात्र तिने मोबाइलच्या उजेडात काढली. कुडपणहून पोलादपूरच्या बाजाराला जायचे तर घाट उतरायचा आणि परत चढायचा. पावसात एका बल्बापायी दिवस मोडतो.

तेव्हापासून मी एकच आठवत बसलो आहे, की शेजारचा बल्ब आपल्या घरात बसेनासा नेमका कधी झाला?

माझ्या लहानपणी घरात तीनच दिवे होते. ओटीवर, माजघरात आणि गोठ्यात. तिन्ही होल्डर काळ्या बॅकेलाइटचे, एकसारखे. बल्ब आत दाबायचा, जरासा फिरवायचा, पिना खाचेत अडकल्या की झाले. अंधारात, नुसत्या बोटांनीही जमायचे. ही पिनांची तऱ्हा आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. टोपीचा व्यास 22 मिलिमीटर. अमेरिकेत आणि युरोपात बहुतेक ठिकाणी एडिसनची आट्यांची टोपी चालते, तिचा युरोपातला नेहमीचा नमुना 27 मिलिमीटरचा.

आपल्या खेड्यातल्या घरांना पिनांचीच टोपी योग्य होती, असे मी ठामपणे म्हणेन. आट्यांच्या होल्डरात आट्यांचे धातूचे कडेच वीज वाहते. जोडणी करताना फेज आणि न्यूट्रल उलटे लागले, तर बल्ब फिरवताना बोटाला धक्का बसू शकतो. आणि आमच्याकडे वायरिंग कोणी केले? ज्याला थोडेफार जमत होते त्याने. पिनांच्या होल्डरात विजेची दोन्ही टोके आत, स्प्रिंगवर असतात. बाहेरच्या कड्यात वीज नसते. शिवाय त्या स्प्रिंगच्या दाबामुळे बल्ब हादऱ्याने सैल होत नाही.

पण खरा फायदा वेगळाच होता. वाडीतला कुठलाही बल्ब वाडीतल्या कुठल्याही घरात लागायचा. गणपतीत ज्याच्याकडे भजन, त्याच्या ओटीवर चार घरांचे शंभराचे बल्ब जमायचे आणि सकाळी आपापल्या घरी परत जायचे. देवघरातला झिरोचा दिवा, नावाला झिरो, प्रत्यक्षात साधारण 15 वॅटचा, त्यालाही तीच टोपी. तार तुटलेला बल्ब हलक्या हाताने हलवून तार पुन्हा चिकटवायची आणि आणखी चार दिवस चालवायचा, हे तर घरोघर चाले.

मग चार फुटी ट्यूब आली, चोक आणि स्टार्टरसकट. व्होल्टेज उतरले की ती नुसती फडफडायची. पण बिघडलेला भाग तेवढा बदलता यायचा. पुढे सीएफएल आला, तोही त्याच जुन्या होल्डरात बसला. जानेवारी 2015 मध्ये सरकारची एलईडी बल्बांची उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत एलईडी बल्बचा भाव 2014 मध्ये 310 रुपये होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. घरोघर आलेले हे बल्बही पिनांचेच. तापणारी तार, वायूची नळी, अर्धवाहक. आतली सगळी विद्या दोनदा बदलली आणि बाबांनी भिंतीवर ठोकलेला होल्डर तिन्हींना कामाला आला. याचे मला आजही अप्रूप वाटते.

बिघाड झाला तो घर नव्याने बांधले तेव्हा. दादाने आणि मी मुंबईच्या लोहार चाळीतून हौसेने दिवे आणले. माजघराला टांगता दिवा, आट्यांचा. देवघराला मेणबत्तीसारखे बल्ब, त्यांचे आटे आणखी बारीक, 14 मिलिमीटरचे. छतात गोल पॅनेल, ज्यात बल्बच नाही. त्याचा ड्रायव्हर गेला तर तसाच शोधावा लागतो, जोडणीची टोकेही निरनिराळी. स्वयंपाकघरात एलईडीची पट्टी, बिघडली की अख्खी बदलायची. दुकानात उभे असताना या घरात वर्षभर एकटी आई राहते, हे आम्हा दोघांच्याही मनात आले नाही. त्याची टोचणी अजून आहे.

आट्यांच्या होल्डरात पिनांचा बल्ब बसवणारा अडॉप्टर मिळतो. तो लावून पाहिला. बल्ब शेडच्या बाहेर लोंबायला लागला. शेवटी दिवाळीत टांगता दिवा उतरवला आणि माजघरात साधा पिनांचा होल्डर बसवला. स्वयंपाकघरात पट्टीशेजारी दुसरा. देवघराचे बारीक आट्यांचे दोन जादा बल्ब आईने डाळीच्या डब्यामागे कागदात गुंडाळून ठेवले आहेत. संक्रांतीच्या सुमारास फोनवर म्हणाली, "काकूंचा ओटीवरचा गेला होता रे, आपला दिला."