‘ऑर्डर’ : शब्द एक, अर्थ अनेक

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात ‘ऑर्डर’ हा शब्द रोज कानी पडतो. नोकरदार म्हणतो, “ऑर्डर आली,” तेव्हा ती बदलीची असते. फॅब्रिकेशनवाला तेच म्हणतो, तेव्हा त्याला काम मिळालेले असते. टपरीवरची ऑर्डर म्हणजे दोन कटिंग! या शब्दाची नीट ओळख व्यावसायिकांच्या उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

मूळ शब्द लॅटिनमधील ‘ओर्डो’, म्हणजे रांग. मागावरील धाग्यांची ओळ हा त्याचा पहिला अर्थ असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्या जिल्ह्यातील मालेगावच्या विणकर बांधवांना हे चटकन पटेल. ताण्यातला धागा जागा चुकला की कापड बिघडते. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. आधी क्रम व व्यवस्था, मग हुकूम आणि बऱ्याच काळानंतर मालाची मागणी, असे त्याचे अर्थ वाढत गेले.

‘रांग’ हा जुना अर्थ वीज केंद्राला आजही लागू आहे. तेथील २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. कोणाची वीज आधी घ्यायची, हे ‘मेरिट ऑर्डर’ने ठरते. हा हुकूम नव्हे. स्वस्त विजेपासून महाग विजेपर्यंतची ती रांग आहे. जुने संच आणि दुरून येणारा कोळसा यांमुळे वीज महाग पडली, की मागे राहून संच थांबवावे लागतात. एकलहऱ्याने हा अनुभव घेतला आहे. संच थांबले की परिसरातील छोट्या कामांनाही झळ बसते.

‘पर्चेस ऑर्डर’ म्हणजे माल पुरवण्याची मागणी, तर ‘वर्क ऑर्डर’ म्हणजे काम करण्याची. दोन्ही लेखीच घ्याव्यात. तोंडी करार कायद्याला मान्य असला तरी वाद झाल्यास तो सिद्ध करणे अवघड जाते. नग, दर, मुदत व पैसे देण्याची तारीख कागदावर हवीच. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांना माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मुदतीचा लेखी करार नसेल तर १५ दिवसांत.

तेव्हा बंधूंनो, “ऑर्डर मिळाली” म्हणण्यापूर्वी कागद हाती आला का, एवढे जरूर पाहा.