साडेपाचची गाडी

सकाळी 6 : फोन वाजतो. "मॅडम, माजा लेखनिक पान तोडाले गेला जी." बी.ए.चा अंध विद्यार्थी आहे, दुपारी राज्यशास्त्राचा पेपर. मे महिन्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम मोजक्या दिवसांचा, आणि इकडच्या कितीतरी घरांत रोख पैसा येतो तो तेवढ्याच दिवसांत. लेखनिकाला बोल कसा लावायचा?

9 : नवा लेखनिक शोधणं. सोबतचे सगळे स्वतःच परीक्षेला बसलेले. शिवाय केंद्र सरकारच्या 29 ऑगस्ट 2018च्या, 2025पर्यंत लागू असलेल्या सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागायचा. अडचण आली तर ऐनवेळी तो बदलता येतो, हेही त्याच सूचनांत होतं. तेवढं वाचायचे कष्ट मात्र फार थोडे घ्यायचे. कॉलेजजवळची बारावी झालेली एक मुलगी तयार होते.

11 : कागदपत्रं. अंध परीक्षार्थीने मागितला की लेखनिक मिळतो. सिकलसेल असलेल्या दुसऱ्या एका मुलीचं तसं नाही. 2016च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, पण हिचं अपंगत्व 40 टक्क्यांच्या आत. हात दुखून आले की पेन धरवत नाही. अशांनाही लेखनिक घेण्याची वाट 10 ऑगस्ट 2022च्या सूचनांनी मोकळी केली, फक्त वैद्यकीय समितीचं प्रमाणपत्र हवं. म्हणजे सिरोंच्याच्या या मुलीने सुमारे दोनशे किलोमीटरवरचं गडचिरोली गाठायचं, दुखणं अंगावर घेऊन.

दुपारी 2 : तळमजल्यावरची वेगळी खोली. प्रश्न ऐकायचा, पुन्हा ऐकायचा, उत्तर मनात जुळवायचं, लिहिणारीच्या वेगाने बोलायचं. "वाचून दाखव ताई." 'फाजल अली आयोगा'चा 'फैजल' झालेला असतो, तो अक्षर अक्षर सांगून दुरुस्त करून घेतो. पुढच्या ओळीत तुटलेला धागा पुन्हा शोधायचा. ज्यादा वेळ म्हणजे सवलतीचे मार्क, असं स्टाफरूममध्ये म्हणणाऱ्यांनी एकदा या खोलीत बसावं.

5 : बाकीचे वर्ग रिकामे. तासाला किमान 20 मिनिटं ज्यादा धरली तर याचा पेपर 6 वाजता संपणार. शिपाई दोनदा डोकावून जातो.

5.20 : "जेवढं झालं तेवढं, मॅडम. साडेपाचची गाडी चुकली तं राहू कुठं जी?" शेवटचा प्रश्न कोरा ठेवून तो उठतो.

वेळापत्रक आखणाऱ्यांना विनंती : ज्या विषयाला ज्यादा वेळेचा परीक्षार्थी आहे, तो पेपर सकाळच्या सत्रात ठेवा. ते जमत नसेल, तर त्याच्या आणि लेखनिकाच्या मुक्कामाची सोय केंद्रावर करा.