हलके टायर, वेगवान सायकल?

अकरावीत शिकणारा एक विद्यार्थी मध्यंतरी आमच्याकडे एक प्रश्न घेऊन आला. जिल्ह्याच्या सायकल शर्यतीत तो भाग घेणार होता. सायकल शर्यतीचीच, पण जुनी. टायर पार झिजलेले. दुकानात त्याला दोन प्रकारचे टायर दाखवले गेले. एकाचे वजन ३३० ग्रॅम, दुसऱ्याचे २३० ग्रॅम. हलक्या टायरची किंमत जवळजवळ तिप्पट. दुकानदाराने वर एक सूत्रही सांगितले : "चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे चौकटीवरचे दोन ग्रॅम. पैसे घालायचे तर इथेच घाल." मुलाने साठवलेले पैसे जेमतेम एका जोडीपुरते होते. "सर, हे दोन ग्रॅमचे खरे आहे का?" त्याने विचारले.

आम्ही म्हणालो, "खरे आहे." पण लगेच मनात आले, की विधान खरे असले तरी त्यातून याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते का? मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दुपारी केलेला हिशेब येथे मांडत आहोत. तो अकरावीच्या भौतिकीपलीकडे जात नाही, म्हणून वर्गातही सहज करून घेता येईल.

एका ग्रॅमचे दोन ग्रॅम

चाक न घसरता गडगडत असेल, तर सायकल ज्या वेगाने पुढे जाते त्याच वेगाने चाकाचा परिघ आसाभोवती फिरत असतो. चौकट फक्त पुढे जाते. टायर मात्र पुढेही जातो आणि फिरतोही. म्हणून टायरच्या प्रत्येक ग्रॅमला दोन हप्त्यांत गतिज ऊर्जा द्यावी लागते : एक पुढे जाण्याची आणि तितकीच फिरण्याची. दुकानदाराचे सूत्र इथून आले आहे.

आता आकडे घालू. स्वार आणि सायकल मिळून वस्तुमान ७५ किलोग्रॅम मानू. दोन टायर मिळून बचत २०० ग्रॅम. वेग ताशी ३० कि.मी., म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. या वेगाला पोचताना २०० ग्रॅमना पुढे जाण्यासाठी सुमारे ७ ज्यूल आणि फिरण्यासाठी ७ ज्यूल, असे १४ ज्यूल लागतात. संपूर्ण ७५ किलोंना लागतात सुमारे २,६०० ज्यूल. म्हणजे दुप्पट धरूनही बचत अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

शिवाय हे १४ ज्यूल वेग घेतानाच मोजावे लागतात. एकदा वेग मिळाला की चाक तो स्वतःहून राखते. जडत्व काही रोजचे भाडे मागत नाही. शर्यतीत एकसारख्या वेगाने जाणाऱ्या स्वाराला टायरच्या जडत्वाचा भार जाणवतच नाही. ब्रेक लावला, तरच ती ऊर्जा वाया जाते आणि पुन्हा द्यावी लागते.

घाटात काय होते?

चढावर वजन महत्त्वाचे असते, हे कोणीही सांगेल. तेव्हा १२ कि.मी. लांबीचा आणि ६०० मीटर चढाचा एक घाट घेऊ. आपला स्वार तो एका तासात चढतो असे मानू. ७५ किलो वर नेण्यासाठी ४,४१,००० ज्यूल काम करावे लागते. २०० ग्रॅम कमी केले, तर त्यातले १,१७६ ज्यूल वाचतात. हे प्रमाण ३७५ भागांत एक भाग आहे. तासाच्या घाटात बचत झाली साधारण १० सेकंदांची.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. घाट चढताना चाकावरच्या ग्रॅमचे दोन ग्रॅम होत नाहीत. गुरुत्वाकर्षणाला वस्तू फिरते आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसते. दुप्पट धरायचे ते केवळ वेग वाढवताना. म्हणजे सूत्र जिथे लागू पडते तिथे बचत क्षुल्लक, आणि जिथे वजनाला खरी किंमत आहे तिथे सूत्र लागूच पडत नाही!

मग ऊर्जा जाते कुठे?

सपाट रस्त्यावर ताशी ३० कि.मी. वेगाने एकट्या जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती, म्हणजे सुमारे १२० वॅट, हवा बाजूला सारण्यात खर्च होते. उरलेल्या खर्चाचा मोठा हिस्सा टायर घेतो, पण तो त्याच्या वजनामुळे नव्हे.

एक रबरी चेंडू १०० सेंटिमीटर उंचीवरून फरशीवर सोडा. तो परत १०० सेंटिमीटर वर येत नाही. समजा, ७० सेंटिमीटर आला. तर ३० टक्के ऊर्जा गेली, आणि तिची मुख्यतः उष्णता झाली. रबर दाबताना जेवढे काम करावे लागते तेवढे सगळे ते उलगडताना परत देत नाही. या गुणधर्माला हिस्टेरेसिस म्हणतात.

टायरच्या बाबतीत हेच अखंड चालू असते. जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, पुढे सरकल्यावर पुन्हा गोल होतो. मागच्या चाकावर ४५ किलो भार आणि दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब (म्हणजे दुकानातल्या भाषेत ८५ पौंड हवा) असेल, तर चपटा भाग ४५ भागिले ६, म्हणजे साधारण साडेसात चौरस सेंटिमीटरचा होतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरचा सगळा परिघ या चपटेपणातून जातो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हरवते. यामुळे होणाऱ्या विरोधाला आपण 'चाकाचा रोध' म्हणू.

हा रोध भाराच्या प्रमाणात असतो. चांगल्या शर्यतीच्या टायरचा गुणांक ०.००४ च्या आसपास असतो. जाड रबराच्या, बोजड कापडाच्या टायरचा ०.००६ किंवा त्याहूनही अधिक. आकडे चिमुकले दिसतात, पण ७५ किलोंसाठी पहिला रोध २.९ न्यूटन आणि दुसरा ४.४ न्यूटन होतो. ताशी ३० कि.मी. वेगाला अनुक्रमे सुमारे २५ आणि ३७ वॅट. फरक १२ वॅटचा. ४० कि.मी.च्या सपाट शर्यतीत यामुळे सुमारे दोन मिनिटांचे अंतर पडू शकते.

आता तोच घाट पुन्हा घेऊ. १.४७ न्यूटनचा हा फरक १२,००० मीटरभर टिकला, तर १७,६४० ज्यूल होतात. वजनातली बचत होती १,१७६ ज्यूल. म्हणजे घाटातसुद्धा रबराच्या गुणाचे महत्त्व २०० ग्रॅम वजनाच्या पंधरा पट ठरले.

मग हलके टायर वेगवान का वाटतात?

कारण बहुधा ते खरोखरच वेगवान असतात! फक्त त्याचे श्रेय हलकेपणाला जाते, ते चुकीचे. टायर हलका करण्याच्या पाच वाटा आहेत. त्या एकेक तपासून पाहा.

पहिली, टायरच्या कडेला असलेली पोलादी तार काढून तिथे ॲरामिडचा, म्हणजे केवलरच्या जातीचा धागा घालायचा. टायर घडी घालण्याजोगा होतो, वजन घटते, किंमत वाढते. पण कडेचा हा भाग जमिनीवर चपटा होत नाही, त्यामुळे रोध जसाच्या तसा राहतो.

दुसरी, रबराखालचे कापड बारीक धाग्याचे घ्यायचे. असा टायर लवचीक होतो, वजन आणि रोध दोन्ही घटतात. मात्र बाजूचा भाग खडीने लवकर कापला जातो. टायरवर एका इंचातील धाग्यांची संख्या लिहिलेली असते. काही उत्पादक एकावर एक असलेल्या थरांचे धागे एकत्र मोजतात, म्हणून केवळ या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

तिसरी, वरचे रबर पातळ करायचे. वजन आणि रोध इथेही घटतात, पण टायर लवकर झिजतो.

चौथी, काटा-काच अडवणारा आतला पट्टा गाळायचा. रोध थोडा घटतो, पंक्चरची शक्यता वाढते.

पाचवी, टायर अरुंद करायचा. इथे मात्र गणित उलटते. हवेचा दाब तोच असेल तर चपट्या भागाचे क्षेत्रफळही तेवढेच राहते. रुंद टायरमध्ये तो भाग आखूड आणि रुंद असतो, अरुंद टायरमध्ये लांबट. लांबट होण्यासाठी टायरला अधिक दबावे लागते. म्हणून त्याच दाबाला अरुंद टायरचा रोध जास्त! वजन घटते आणि वेगही घटतो.

थोडक्यात, हलकेपणा आणि वेग हे एकाच कारणाचे दोन परिणाम असू शकतात. एकामुळे दुसरा होतो असे नाही. विज्ञानाच्या अभ्यासात ही गफलत ठिकठिकाणी भेटते. टायर हे तिचे हाताशी असलेले उदाहरण आहे.

डनलॉपची अंगणातली चाचणी

बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची नळी बसवलेले चाक तयार केले. त्यांनी केलेली चाचणी प्रसिद्ध आहे. सायकलचे जुने चाक आणि हवेचे चाक अंगणातून गडगडत सोडायचे आणि कोणते लांब जाते ते पाहायचे. हवेचे चाक लांब गेले. १८८८ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. पुढे लक्षात आले, की रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी अशाच कल्पनेचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते, आणि डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले. पण तोवर विल्यम ह्यूम या स्वाराने १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतीत हे जाडजूड टायर लावून भरीव रबराच्या टायरवाल्यांना मागे टाकले होते.

जाड टायर जिंकला, कारण खडबडीत जमिनीचे उंचवटे तो पोटात घेतो. टणक चाकाला प्रत्येक खड्यावरून स्वारासकट सगळी सायकल उचलावी लागते. त्यात गेलेली ऊर्जा स्वाराच्या अंगात थरथर होऊन विरते. म्हणूनच हवा जितकी जास्त तितके चांगले, हेही अर्धसत्य आहे. सिमेंटच्या गुळगुळीत फरशीवर ते खरे ठरेल. खडीच्या रस्त्यावर एका मर्यादेपुढे दाब वाढवला तर तोटाच होतो. २००० सालाच्या आसपास शर्यतीत २३ मि.मी. रुंदीचे टायर रूढ होते. आज तेच स्वार २८ मि.मी. आणि त्याहून रुंद टायर वापरतात, ते याच जाणिवेमुळे.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

डनलॉप यांची चाचणी थोडी सुधारून करू. शाळेत कुठेतरी छोटा उतार आणि त्यापुढे सपाट फरसबंदी असते. सपाट भागापासून बरोबर २५ सेंटिमीटर उंचीवर उतारावर खूण करा. उंची मोजायला गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. खुणेवरून सायकल पायडल न मारता सोडा आणि ती थांबते तिथपर्यंतचे एकूण अंतर मोजा. टायरमध्ये आधी २० पौंड हवा ठेवा, मग ४०. प्रत्येक वेळी पाच फेऱ्या घेऊन सरासरी काढा. वारा नसलेली सकाळ निवडा आणि शेजारी एकाला धावायला ठेवा.

उंचीला अंतराने भागले की रोधाचा गुणांक मिळतो. ०.२५ मीटर भागिले २५ मीटर म्हणजे ०.०१०, अंतर ३१ मीटर भरले तर सुमारे ०.००८. हवेच्या विरोधामुळे उत्तर किंचित जास्त येईल, पण तुलनेला बाध येत नाही. या सूत्रात वस्तुमान कुठेच नाही. ते दोन्ही बाजूंनी निघून जाते. म्हणून वर्गातला बारीक मुलगा आणि धिप्पाड मुलगा दोघांनाही बसवून पाहा, आणि अंतराचा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच वहीत लिहायला सांगा.

अखेर त्या मुलाने काय केले?

त्याने दुकानात जाऊन वेगळे प्रश्न विचारले. कापड किती बारीक आहे? आत पट्टा आहे का? टायरवर जास्तीत जास्त किती दाब लिहिला आहे? २८-६२२ असा आकडा असलेला टायर आपल्या रिमवर आणि चौकटीत बसेल का? (पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्या साध्या २८ इंची सायकलचा व्यास ६३५ असतो. दोन्ही टायर एकमेकांच्या जागी चालत नाहीत.) सुरुवातीचे दोन्ही टायर त्याने नाकारले. बारीक कापडाचा, पातळ पट्टा असलेला, २८० ग्रॅमचा तिसराच टायर घेतला. उरलेल्या पैशांत दाबमापक असलेला पंप आला.

पट्ट्याचा आग्रह आम्हीच धरला होता. पंक्चर काढायला पाच मिनिटे लागली, तर वजन घटवून तीस घाटांत मिळवलेले सेकंद एका खिळ्यापायी जातात. आणि उतारावर ताशी ५० कि.मी. वेगाने जाताना पुढचा टायर फाटला, तर प्रश्न सेकंदांचा राहत नाही.

तुमच्या शाळेच्या आवारात हा प्रयोग जरूर करा. किती दाबाला किती अंतर भरले, ते आकडे आम्हाला कळवा. सारे आकडे एकत्र मांडून पाहायला आम्हाला आवडेल.